भांडी पुन्हा फिरू द्या : महिला मंडळांना खुले पत्र

पुणे, 3 डिसेंबर 2025

प्रति,
राज्यातली सर्व महिला मंडळं, भगिनी मंडळं आणि सोसायट्यांमधल्या महिला समित्या यांच्या अध्यक्षा, चिटणीस आणि सभासद भगिनींना



संक्रांत सहा आठवड्यांवर आली. वाणाची घाऊक खरेदी याच दिवसांत होते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या मंडळाची मी आठ वर्षं चिटणीस होते. वर्गणीचा हिशेब लावायचा, दोघी-तिघींनी मिळून रविवार पेठेतली बोहरी आळी गाठायची, चार दुकानं पालथी घालायची आणि पंचवीस-तीस रुपयांत ‘काहीतरी उपयोगी’ असे दोनशे नग बांधून आणायचे. ते काम मी मनापासून केलं. कुणाला वाण कमी पडू नये म्हणून वर दहा नग जास्तच आणायचे. हे पत्र तुमच्यातल्याच एकीचं आहे आणि यंदाच्या पिशव्या घेऊन तुम्ही घराबाहेर पडायच्या आत ते तुमच्या हाती पडावं अशी माझी इच्छा आहे.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. छत्तीस वर्षांचं घर रिकामं करून मला दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत यायचं होतं. कपडे आठ दिवसांत आवरले, पुस्तकं पंधरा दिवसांत. स्वयंपाकघराला तीन महिने लागले.

आवरायला कुठून सुरुवात करावी हेच कळेना. प्रत्येक वस्तू हातात घेतली की ‘लागेल कधीतरी’ असं वाटायचं आणि ती परत फळीवर जायची. शेवटी सुनेने एक युक्ती सांगितली. गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही ओट्याखालचं, फडताळातलं, पोटमाळ्यावरचं झाडून सगळं बाहेरच्या खोलीत आणून मांडलं. लागेल ते तिथून आणायचं, वापरायचं, घासून मग स्वयंपाकघरातच ठेवायचं. दसऱ्यापर्यंत असं चालवायचं. मुद्दाम हेच दिवस निवडले, कारण उकडीचे मोदक, गौरीजेवणाला आलेली सोळा माणसं, नवरात्राचे उपास, दसऱ्याचं श्रीखंड, असं वर्षातलं मोठं रांधणं याच दिवसांत होतं. मोदकपात्र लागलं, पुरणयंत्र लागलं, मोठी कढई, परात, रोळी, सगळं लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. अडतीस दिवसांत स्वयंपाकघरात आलेल्या वस्तू झाल्या ब्याण्णव, त्यात चमचे-डावसुद्धा धरले. बाहेरच्या खोलीत जागची न हललेली भांडी, डबे, बरण्या आणि यंत्रं मिळून पाचशे चौदा. आठ किसण्या, तीन सोऱ्ये, पाच तळण्या, कुठल्याच डब्याला न बसणारी एकतीस झाकणं. त्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला भांड्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटलं, फरक इतकाच की इथलं गिऱ्हाईकही मीच होते आणि दुकानदारही मीच.

एवढं आलं कुठून? पाचशे वस्तू कुणी ठरवून विकत घेत नाही. मी आठवून आठवून लिहून काढलं. लग्नातला आणि मुंजीतला आहेर. दर धनत्रयोदशीला शकुनाचं एखादं भांडं. दारावर येणाऱ्या बोहारणीला दोन साड्या आणि चार पँटी देऊन, वर तासभर घासाघीस करून घेतलेला डबा. अधिक महिन्यात जावयाला दिलेलं आणि आपल्याकडे आलेलं तांब्याचं ताट. चहापत्तीवर किंवा साबणाच्या पुड्यावर फुकट मिळालेली बरणी. आणि या सगळ्यांहून मोठा ढीग होता तो संक्रांतीच्या वाणाचा. पाचशे चौदांपैकी एकशे सत्त्याऐंशी वस्तू वाणातल्या निघाल्या. त्यातल्या चाळीसेक अजून कागदाच्या पुडीतून बाहेरसुद्धा पडल्या नव्हत्या. पुडीवर वाळलेलं हळदीकुंकवाचं बोट तसंच होतं.

त्यांतले बरेच डबे मी स्वतः निवडलेले होते. एका वर्षीचा दोनशे नगांचा निळ्या झाकणाचा डबा मला बघताक्षणी ओळखता आला. तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. झाकणावर 4, म्हणजे वेगळंच, मऊ प्लास्टिक. भंगारवाल्याला दोन्ही वेगळे करावे लागतात. त्याच्या आधीच्या वर्षीच्या डब्यावर आकडाच नव्हता. तो कशाचा आहे, त्यात गरम आमटी ओतावी की नाही, हे सांगायला कुणी नाही. मेलामाइनच्या वाट्यांची गोष्ट आणखी कठीण, कारण मेलामाइन वितळवून पुन्हा ओतता येत नाही. फुटलं की ते कायमचा कचरा होतं. हे सगळं मी शे-दोनशे घरांत पाठवलं होतं, ओटी भरावी तशा भावनेने.

आता तुम्ही म्हणाल, गरजूंना देऊन टाकायचं. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी बोलावलं, खोली दाखवली आणि म्हटलं, “हवं ते न्या.” त्या सगळ्या ढिगाभोवती एकदा फिरल्या. मग खाली बसल्या.

“काकू, डबे नकोत,” त्या म्हणाल्या. “आमच्या वस्तीतपण हळदीकुंकू होतं की. डबे माझ्याकडंपण पोत्यानं आहेत, आणि आमची खोली दहा बाय बारा. ठेवू कुठं?”

मी गप्प झाले. इतकी वर्षं ‘दिलं’ म्हणून जे समाधान मी मानत होते त्याचा खरा अर्थ मला त्या वाक्यात कळला. मोठ्या घरातली अडचण आपण लहान घरात नेऊन टाकतो आणि त्याला दान म्हणतो. घेणाऱ्या बाईला नाही म्हणणं अवघड असतं, कारण देणारी तिची मालकीण असते. मावशींनी ते म्हटलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पितळी परातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती परात मात्र मला लागंल. लेकीच्या मुलाचं बारसं आहे. पण कायमची नको. तुमच्याकडंच राहू दे, लागली की मागते, काम झालं की घासून आणून देते.”

हे पत्र खरं तर त्या एका वाक्यातून निघालं आहे.

ती परात सासूबाईंची. उलटी केली तर काठाखाली त्यांचं नाव आणि 1961 हे साल दिसतं. छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून घातलेलं नाव, एकेका अक्षराला पाच-सात ठिपके, एक काना जरा तिरका गेलेला. त्या दिवशी मी एकेक भांडं उलटं करून नावं वाचत बसले. जुन्या पितळेवर असं ठोकलेलं नाव, माझ्या लग्नातल्या स्टीलवर मशीनच्या सुईने घातलेलं बारीक, थरथरतं नाव. मामांकडून, आत्याकडून, कचेरीतल्या मित्रमंडळाकडून सप्रेम भेट. तारीख, वार, गाव.

नाव घालायची ही पद्धत का पडली असेल, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. भांडं घराबाहेर जाणारच नसेल तर त्यावर नाव कशाला हवं? घरातल्या माणसांना ते कुणाचं आहे हे माहीत असतंच. पण कार्याला शेजारच्या चार घरांतून पातेली, ताटं, वाट्या, गडू यायचे. पंगती उठल्या की सगळी भांडी एकाच ढिगात, एकाच राखेने घासली जायची. मग अंगणात बसून कुणीतरी एकेक भांडं उलटं करायचं, नाव वाचायचं आणि हाक मारायचं. भांडं आपल्या घरी परत यावं म्हणून त्यावर नाव असायचं. ते बाहेर पडणार हे धरूनच ते घातलेलं असायचं.

माझ्या लग्नातल्या भांड्यांवर नावं आहेत, पण त्यातलं एकही भांडं कधी कुणाच्या दारात गेलं नाही. नाव घालण्याची रीत राहिली, फिरण्याची गेली. प्रत्येक घराने सोळा माणसांची भांडी आपल्यापुरती जमवली आणि वर्षातले तीनशे साठ दिवस ती पोटमाळ्यावर ठेवली.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे वाडीची भांडी असायची. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून मोठी पातेली, टोप, पराती, ओगराळी, झारे, शंभरेक ताटं घेऊन पाठवलेली, प्रत्येकावर वाडीचं नाव. देवळाच्या एका खोलीत ती कुलपात असायची. ज्याच्या घरी कार्य त्याने किल्ली आणायची, वहीत लिहायचं, काम झालं की चिंच आणि राख लावून लख्ख करून मोजून परत ठेवायची. काही हरवलं-फुटलं तर ज्याचं कार्य त्याने भरून द्यायचं. गरिबाच्या घरचं लग्न असो की खोताच्या, टोप तोच. गावात कुणाकडेही भातासाठी स्वतःचा मोठा टोप नव्हता आणि तो नसल्याचं कधी कुणाला जाणवलंही नाही.

आपल्या वाणाचंही मूळ असंच, घरात काही साठवून न ठेवण्याचं आहे. संक्रांतीला आपण सुगडं पूजतो. मातीचं लहानसं बोळकं, त्यात बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजराचे तुकडे, तीळ. त्या दिवसांत शेतात जे आलं असेल ते. बोरं चार दिवसांत संपतात, ओंब्या पाखरं टिपतात, बोळकं तुळशीशी राहतं किंवा मातीत मिसळून जातं. पुढच्या संक्रांतीपर्यंत त्यातलं घरात काही उरत नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. त्या हळदीकुंकवाची एकही वस्तू मला माझ्या पोटमाळ्यावर सापडली नाही, पण त्या डाळीची चव मात्र पन्नास वर्षांपूर्वीपासूनची जिभेवर आहे. आपण वाण ‘लुटतो’ असं म्हणतो. लुटायचं ते सरावं, वाटलं जावं, तोंडात विरघळावं. साठून राहायला ते मुळात नव्हतंच.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. ती लिहू की नको याचा मी बरेच दिवस विचार केला.

2022 च्या पावसाळ्यात माझे यजमान गेले. त्यानंतरच्या तीन संक्रांतींत मला वाणाचं बोलावणं आलं नाही. ज्या मंडळाची मी चिटणीस होते, त्याच मंडळाचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रीत तशी आहे म्हणून झालं. समोरच्या दारात बायका येताना-जाताना बांगड्यांचा आवाज यायचा, तिळगुळाचा डबा उघडल्याचा आवाज यायचा, मी दार लोटून आत बसायचे. त्या तीन संध्याकाळी मला डब्याची आठवण एकदाही झाली नाही. एकशे सत्त्याऐंशी डबे-वाट्या घरात होत्या आणि तरी हात रिकामे वाटत होते. मला हवं होतं ते कुणीतरी दारात येऊन “येताय ना?” असं म्हणणं.

म्हणून सांगते, वाणात खरं मोलाचं असतं ते बोलावणं. वस्तू हे त्या बोलावण्याचं निमित्त. निमित्त इतकं वाढलं की दोनशे नगांची खरेदी हेच मंडळाचं काम होऊन बसलं आणि कुणाला बोलवायचं राहून गेलं हे आमच्या लक्षातच आलं नाही. माझ्या कारकिर्दीतही अशा किती जणी दार लोटून बसल्या असतील. त्यांची यादी मी कधी केली नाही. त्यांची मी या पत्रातून क्षमा मागते.

रूढी बदलत नाहीत असं कुणी म्हणालं तर त्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं नाव सांगा. मे 2022 मध्ये त्या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका ग्रामपंचायतीला जे जमलं ते मंडळाच्या सभेला जमणार नाही का?

माझ्या तुम्हाला चार विनंत्या आहेत.

पहिली, यंदाचं वाण संपणारं असू द्या. पावशेर तीळ, गुळाची लहान ढेप, आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी, घरगुती मेतकूट, तुमच्याच भागातल्या बचत गटाने केलेली चटणी किंवा पापड, अंगाचा साबण, मेथी-कोथिंबिरीचं बी, तुळशीचं रोप. आणायची ती पुडी कागदाची किंवा कापडाची. वर्गणी तेवढीच राहील, उलट ती घाऊक बाजाराऐवजी ओळखीच्या बाईच्या हातात जाईल. प्लास्टिकचा डबा आणि मेलामाइनची वाटी मात्र एकमताने बंद करा.

दुसरी, यादीत प्रत्येक दार घ्या. सवाष्ण, विधवा, एकटी, लग्न न केलेली, नव्याने राहायला आलेली, कामाला येणारी. यंदा 14 जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत जेमतेम बारा दिवस आहेत. त्यातली एक संध्याकाळ सगळ्यांची असू द्या. कुंकू ज्यांना लावून घ्यायचं त्या घेतील, तिळगूळ तर सगळ्याच घेतील.

तिसरी, मंडळाचं भांड्यांचं कपाट सुरू करा. एका मंडळाच्या साठ-सत्तर घरांत मिळून किती मोठी भांडी उगाच पडून असतील याचा अंदाज घ्या. त्यातली निवडक मंडळाने घ्यावीत: दोन मोठ्या पराती, दहा लिटरच्या आसपासची दोन-तीन पातेली, एक मोठा कुकर, मोदकपात्र, पुरणयंत्र, दोन सोऱ्ये, एक खलबत्ता, झारे, ओगराळी, आणि पन्नास ताटं-वाट्या-पेले. एवढ्यात बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, गौरीजेवण सगळं निभतं. 2018 च्या मार्चमध्ये राज्याने थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली तेव्हा आपण सगळ्यांनी मान डोलावली, पण घरात पन्नास माणसं जेवायची तर ताटं कुठून आणायची याचं उत्तर फार थोड्या ठिकाणी कुणी उभं केलं. ते आपण करू शकतो. एक वही ठेवा: तारीख, नाव, काय नेलं, किती नग, परत कधी. अनामत शंभर-दोनशे रुपये, भाडं काही नाही. घासून, कोरडं करून आणायचं, मोजून घ्यायचं. एखादी वाटी कमी आली तर बोलावं, पण भांडू नये. आणि प्रत्येक भांड्यावर मंडळाचं नाव घालून घ्या.

चौथी, उरलेल्या भांड्यांना नीट निरोप द्या. दर दिवाळीआधी मंडळाने एक दिवस ठरवावा. पितळेची जी भांडी कुणाला वापरायची आहेत त्यांना त्या दिवशी कल्हई करून घ्या. आत तांबूस-पिवळं दिसायला लागलेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, आणि एवढ्यासाठी कितीतरी उत्तम पातेली अडगळीत गेली आहेत. नव्या मुलींना कल्हई म्हणजे काय तेच माहीत नाही. ती त्यांना दाखवा. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवायचं. पिवळं भांडं बघता बघता चांदीसारखं होतं. ही कला हातात असलेली माणसं आता फार थोडी राहिली आहेत. वर्षातून एक दिवस एका जागी साठ भांडी मिळाली तर त्यांनाही आपल्या भागात येणं परवडेल. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्या-पितळेचं काम चालतं. ठोके द्यायचे असतील, कान बसवायचे असतील, तर तिथे न्या.

जे वापरायचंच नाही ते मोडीत घाला. पितळ, तांबं, स्टील, अॅल्युमिनियम वेगवेगळं करा. धातू वितळून पुन्हा धातूच होतो, त्यात वाईट वाटायचं काही नाही. पोटमाळ्यावर तीस वर्षं अंधारात पडण्यापेक्षा भट्टीत जाऊन पुन्हा कुणाची वाटी होणं त्या पितळेलाही बरं. प्लास्टिक कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. ते धुऊन, डबे आणि झाकणं वेगळी करून कचरावेचक भगिनींच्या हाती द्या. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर घरोघरी काम करते आहे. कुठल्या प्लास्टिकला किंमत आहे आणि कुठल्याला नाही हे त्या बायकांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पुढच्या वर्षी वाण ठरवण्याच्या सभेला त्यांच्यातल्या एकीला बोलवा आणि तिचं ऐका.

हे सगळं आवरताना मन जड होतं हे मी नाकारत नाही. आईने दिलेलं घंगाळं मोडीत घालताना मी दोनदा परत उचललं. ज्यांना फारच जपावंसं वाटतं त्यांना मी एवढंच सांगेन की प्रत्येक माणसाची एक वस्तू ठेवा, सगळ्या ठेवू नका. सासूबाई रात्री तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने चोळायच्या, ती वाटी मी ठेवली. आईची विळी ठेवली, कारण नारळ मी अजून तिच्यावरच खवते. दिनकर केळकरांनी जुन्या घरांतले अडकित्ते, दिवे, भांडी गोळा करून पुण्यात संग्रहालय उभं केलं, ते त्यांच्या आयुष्यभराच्या ध्यासाचं काम. तिथे त्या वस्तू काचेआड शोभतात, कारण हजारो माणसं येऊन त्या बघतात. माझ्या पोटमाळ्यावरचं घंगाळं कुणीच बघत नव्हतं, मीसुद्धा नाही.

नव्या जागेत माझ्याकडे आता शंभराच्या आत भांडी आहेत. ओट्यावर पोळपाट ठेवूनही पीठ मळायला जागा उरते. डाळ कुठल्या डब्यात आहे हे नातीलाही सांगता येतं, त्यामुळे ती परवा पहिल्यांदा स्वतःहून वरण लावायला उभी राहिली. सहाशे वस्तूंच्या स्वयंपाकघरात तिला मी कधी हात लावू दिला नव्हता, सगळं पडेल या भीतीने.

आमच्या मंडळाच्या आताच्या अध्यक्षांकडे मी गेल्या महिन्यात गेले. हे सगळं, तीन संक्रांतींचंही, त्यांना सांगितलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी माझा हात धरला आणि सभा बोलावली. जवळच्या विठ्ठल मंदिराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट मिळालं आहे. माझ्या ढिगातली एकोणीस भांडी त्यात गेली, बाकीच्या घरांतून साठेक आली. यंदाचं वाण तीळ आणि गूळ ठरलं आहे. बोलावण्याची यादी दारांच्या क्रमाने केली आहे, एकही दार न वगळता.

सासूबाईंच्या परातीवर त्यांच्या नावाखाली आम्ही मंडळाचं नाव घालून घेतलं. कारागिराने विचारलं, जुनं नाव घासून टाकू का? मी म्हटलं, राहू दे, सासूबाई भांडी द्यायला कधी नाही म्हणाल्या नसत्या.

वहीत पहिली नोंद मावशींची आहे. 16 नोव्हेंबर, पितळी परात एक, मोठं पातेलं एक, ताटं तीस, बारशासाठी. परतीच्या रकान्यात 18 नोव्हेंबर आणि त्यांची सही. परात गेली तेव्हा काळवंडलेली होती. परत आली ती चिंचेने घासून, आरशासारखी. तिच्यात एका वाटीत बारशाच्या घुगऱ्या होत्या. वाटी मी लगेच धुऊन परत दिली, घुगऱ्या आम्ही तिथेच खाल्ल्या.

आपली नम्र,
एक माजी चिटणीस